मुलीच्या नावामागे आईचं नाव लावायचं की वडिलांचं?

दोन्ही लावा, आधी आईचं आणि मग वडिलांचं. महाराष्ट्र शासनाच्या मार्च 2024 च्या निर्णयाप्रमाणे 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांत याच क्रमाने लिहायचं आहे: बाळाचं, आईचं, वडिलांचं, आडनाव. म्हणजे ‘ईरा स्नेहल प्रशांत जाधव’. सासूबाई ‘वडिलांचंच नाव लागतं’ म्हणत असतील, तर त्यांना ही तारीख सांगा. तुमची मुलगी या तारखेनंतरच्या जूनमध्ये जन्मलेली, त्यामुळे तिला हा नियम लागू आहे.

मी शाळेत प्रवेशाचे दाखले बघते. क्रमापेक्षा जास्त घोळ स्पेलिंगचा होतो. आधारवर ‘प्रशांत’, जन्मदाखल्यावर ‘प्रशांतराव’. आईचं लग्नाआधीचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी नोंदवहीत, एकदा चढलेलं नाव बदलायचं म्हणजे खेटेच. म्हणून नोंदणीआधी दोघांची आधारकार्डं समोर ठेवून मराठी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरं जुळवून घ्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर घाई नको. जन्माची नोंद नावाशिवायही होते, आणि नाव पहिल्या 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं.

एक मात्र आहे: हा निर्णय महाराष्ट्राचा. बाळंतपण माहेरी, समजा बेळगावला किंवा इंदूरला झालं असेल, तर जन्माची नोंद तिथेच होते आणि तिथली पद्धत चालते. पासपोर्टला मधल्या नावाचा वेगळा रकानाच नसतो, ती नावं बाळाच्या नावाच्याच रकान्यात जातात.