घरचं सोयाबीन उगवेल का, हे पेरणीआधी कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय, मागच्या खरिपातलं घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलंय, ते पाण्यात टाकून बघितलं तर कळेल का. पाण्याच्या भरवशावर राहू नका. मेलेला दाणाही भरीव असला की तळाशीच बसतो. शिवाय सोयाबीनची साल इतकी पातळ की चांगलं बीसुद्धा भसकन पाणी ओढून तडकतं.

आम्ही गोणपाटावर बघतो. आधी सगळं बियाणं चाळून फुटकं-किडकं बाजूला काढा. मग प्रत्येक पोत्यात वरून, मधून, तळातून हात घालून मूठमूठ घ्या, मिसळा आणि त्यातले सलग १०० दाणे मोजा. इथे निवडत बसू नका, हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरा ओला तुकडा टाका, अलगद गुंडाळा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण साचू देऊ नका, बी कुजतं.

सातव्या-आठव्या दिवशी उलगडा. आता खरं काम. नुसता मोड दिसला म्हणून मोजायचं नाही. मूळ लांब आणि पांढरं, कोंब सरळ, दोन्ही दलं (दाण्याच्या दोन फाकी) शाबूत, असंच रोप धरा. मूळ आखूड राहिलेलं, टोक तपकिरी पडलेलं, दल तुटलेलं, ते बाद.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी मोड आलेले सगळे मोजून ८२ धरले, आणि शेतात ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. त्या वर्षी पोती ट्रॉलीतून खाली फेकली होती. सोयाबीनचा अंकुर सालीच्या अगदी लगत असतो, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा दाणाही आतून मोडलेला असतो.

७० किंवा जास्त रोपं आली तर एकरी ३० किलो पुरे. ६५ आली तर साधारण साडेबत्तीस, ६० आली तर ३५ किलो. त्याच्या खाली गेलं तर मी पेरत नाही, मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, घालतो.

चाचणी मेअखेरीस लावा, म्हणजे कमी उगवण निघाली तरी दुसरं बियाणं बघायला वेळ राहतो. तोवर पोती फरशीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेवा, थप्पी पाचाच्या वर नको. आणि उतरवताना दोघांनी धरून अलगद टेकवा.