ईस्टरवर विश्वास असला म्हणून रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

तुम्ही विचारलंय की येशू मेलेल्यांतून उठला असं मानल्याने ख्रिस्ती माणसाचं रोजचं जगणं खरंच बदलतं का, की मेल्यावर स्वर्ग मिळेल एवढाच दिलासा.

मी जालन्याची. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात इथे जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून या भागात मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. मी नर्स आहे, त्यामुळे माझं उत्तर वॉर्डातूनच येणार.

स्वर्गाची आशा आहेच. पण मला रोज उभं करते ती दुसरी गोष्ट. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, उठलेला येशू नुसता आत्मा नाही. तो भाजलेला मासा खातो, थोमा या शिष्याला हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो. देवाने शरीर टाकून दिलं नाही, जखमांसकट उठवलं. प्रवचनांत यावर फार कमी बोलतात, पण ईस्टरचा गाभा मला इथेच दिसतो.

आमच्याकडे लकवा मारलेल्या म्हाताऱ्या बाया खेड्यापाड्यांतून येतात, तेव्हा पुष्कळदा माकडहाडाजवळ बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झालेला असतो. पट्टी सोडली की वासाने घरचे बाहेर जातात. जखम सलाईनने धुवायची, हलक्या हाताने गॉज भरायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची. आजी "हळू गं माय" म्हणत राहते. ती यातून उठणार नाही हे सगळ्यांना कळलेलं असतं. "आता कशाला एवढं करता सिस्टर?" असं घरचेच विचारतात. माझ्यासोबतच्या हिंदू-मुस्लिम सिस्टरही तितक्याच मायेने करतात. मी फक्त माझं बळ कुठून येतं ते सांगतेय. प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे, आणि तो संपतो कामावर: स्थिर राहा, प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. दुसऱ्या दिवशी रिकामा होणारा बेड मी याच वाक्याच्या भरवशावर नीट करते.

ईस्टरच्या पहाटे, अंधार असतानाच, आम्ही कबरस्थानात जमतो. कबरी आदल्या दिवशी झाडून ठेवलेल्या असतात, त्यांवर मेणबत्त्या लावतो. पाळकसाहेब म्हणतात, "प्रभू उठला आहे," आणि सगळे म्हणतात, "खरोखर उठला आहे." वडिलांच्या कबरीपाशी मला रडू येतंच. लाजर हा मित्र मेला तेव्हा येशूही रडला होता, त्यामुळे त्याची मला लाज वाटत नाही.

सगळ्यात अवघड फरक मात्र घरात पडतो. येशूला पकडलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने "मी त्याला ओळखत नाही" म्हणत त्याला तीनदा नाकारलं होतं. उठल्यावर येशूने तळ्याकाठी कोळशावर मासे भाजून त्याला आणि इतरांना न्याहारीला बोलावलं. आधी खाऊ घातलं, मग विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?" आमच्याकडे शेताच्या वाटणीवरून धाकट्या दिरांशी बोलणं बंद आहे. तरी दर ईस्टरला त्यांना जेवायला बोलावते. कधी येतात, कधी नाही. जेवताना वाटणीचा विषय काढायचा नाही हे घरात ठरलेलं आहे. हात धुऊन झाले की मात्र काढायचा, कारण पेत्राला पोटभर खाऊ घातल्यावर येशूनेही तो प्रश्न सोडून दिला नाही, तीनदा विचारला.