पहिली गिटार रोझवूडशिवाय

पहिली गिटार स्वतः बनवताना रोझवूड, म्हणजे पाठ आणि बाजूंसाठी नावाजलेलं लाकूड, मिळत नाही म्हणून थांबू नका. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, त्याच्या मागे लागायचं कारणच नाही. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या गिटार कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदी लगद्याच्या असलेली गिटार बनवली होती! वरची फळी मात्र स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. आवाजाचा मोठा वाटा त्या फळीचा असतो, हेच त्याला दाखवायचं होतं. म्हणून आधी चांगलं स्प्रूस घ्या, वाढीच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात असलेलं.

पाठ आणि बाजूंसाठी माझं मत अक्रोडाला. ते शांतपणे वाकतं, हत्यारालाही साथ देतं. लहरी रेषांचं मेपल सुंदर दिसतं, पण वाकवताना पटकन तडकतं. ते दुसऱ्या गिटारसाठी ठेवा. फिंगरबोर्ड, म्हणजे तारा जिच्यावर बोटांनी दाबतात ती पट्टी, कठीणच हवा. एबनी या काळ्या कठीण लाकडाऐवजी कागद आणि रेझिन दाबून केलेली पट्टी छान चालते.

सुरुवातीला बहुतेकांचं इथे चुकतं:

- लाकूड पुरेसं वाळायच्या आत कामाला घेणं. चिकटवताना खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा. नंतर पडणाऱ्या बऱ्याच चिरा इथेच टळतात.
- जुन्या फर्निचरच्या फळीतले खिळे न शोधता रंधा चालवणं.
- बाजू जाड ठेवून वाकवणं. साधारण २ मिलिमीटर पुरे. आधी वाया गेलेल्या तुकड्यावर हात बसवा.

ब्रेसिंगच्या, म्हणजे फळीला आतून चिकटवायच्या आधारपट्ट्यांच्या, बारकाव्यात आत्ता शिरू नका. एक सिद्ध आराखडा निवडा आणि तसाच्या तसा उतरवा.