‘तू एकटी काय करणार?’

‘मुलगी अभ्यास सोडून हवामानबदलाच्या मोर्चांना जाते, रात्रभर जागते. तिला जरा समजवा.’ समुपदेशनाच्या कामात हे मी इतक्या पालकांकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती १७ वर्षांची. पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते आणि ती नखांत अडकलेला फलकाचा हिरवा रंग खरवडत होती. “सरकारला जाब विचारायला मोठी माणसं आहेत. ही एकटी काय करणार?”

ते बाहेर गेल्यावर तिने विचारलं, “मॅडम, माझं डोकं फिरलंय का?”

मी तिला २०२१ मधल्या एका पाहणीबद्दल सांगितलं. १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार तरुणांपैकी ५९ टक्क्यांना हवामानबदलाची फार काळजी वाटत होती. खरवडणं थांबलं.

खऱ्या संकटाच्या भीतीला मी आजार मानत नाही. त्याच पाहणीत या त्रासाचा संबंध ‘सरकारने आपल्याला वाऱ्यावर सोडलंय’ या भावनेशीही दिसला होता. घरातलं ‘तू एकटी’ नेमकं त्याच जखमेवर बसतं.

पाचव्या भेटीत मी दोघांना समोरासमोर बसवलं. वडिलांना म्हटलं, “आज समजावू नका, फक्त विचारा.”

“तुला नक्की कशाची भीती वाटते गं?”

“पुराची, उन्हाची वाटतेच, बाबा. पण तुम्हाला काहीच वाटत नाही, याची जास्त वाटते.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाटतं गं. माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून विषय टाळतो.”

ती रडली. त्या रात्री सलग झोपली, असं पुढच्या भेटीत कळलं. इतक्या वर्षांच्या कामात मला हेच पुन्हा पुन्हा दिसलंय: मुलांना उत्तरापेक्षा सोबत हवी असते.

नंतरचं काम सोपं होतं. रात्री नऊनंतर बातम्या बंद. मोर्चाचे आणि अभ्यासाचे दिवस आधी ठरवायचे. मागणी नेमकी आणि लेखी, तीही गटाने मिळून. पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये अशीच एक मागणी लावून धरली: हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानरक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य असल्याचं मत दिलं. सहा वर्षं लागली, हेही मी तिला सांगितलं.

पालकांनो, मूल दोन आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर त्याच दिवशी.