बालवाडीचा पहिला महिना

ताई, आधी एक सांगते, महागडी खेळणी घेऊ नका. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तेव्हाही भर आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवरच होता. सध्या एवढंच पुरे:

- पाणी. दोन घमेली, पेला, गाळणी. सांडणारच! पुसायचं फडकं मुलाच्याच हातात द्या, त्यांना तेही फार आवडतं.
- भिजवलेली कणीक किंवा माती. मळून मळून बोटांत ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते.
- निवडणं. चिंचोके, वाल, राजमा वेगवेगळ्या वाट्यांत. तीन वर्षांखालच्यांना मात्र बिया अजिबात नकोत, नाकातोंडात जातात. त्यांना कांदे-बटाटे द्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "असं नाही, असं" म्हणत हातातली वस्तू काढून घेणं. मीही सुरुवातीला हेच करायचे, आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहायची. पालकांना दाखवायला सगळ्यांकडून एकसारखं चित्र करून घेणं हीही तशीच चूक.

एखादं मूल वीस मिनिटं नुसतं पाणीच ओततंय? ओतू द्या. शेजारी बसून बघा. अक्षरं-अंकांचं दिवाळीनंतर बोलू.