कोकेन शरीरात किती दिवस सापडतं? दाढेच्या इंजेक्शनमुळे टेस्ट पॉझिटिव्ह येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाची वाळूजच्या कंपनीत जॉइनिंग होती, मेडिकलमध्ये लघवीची टेस्ट कोकेन पॉझिटिव्ह सांगितली, तो म्हणतो चार दिवसांआधी दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनमुळे आलंय, तर कोकेन नेमकं किती दिवस सापडतं?

इंजेक्शनचं कारण आधी सोडून द्या. दाढ काढताना आपल्याकडे लिग्नोकेन देतात, बहुतेक वेळा २ टक्के, सोबत ॲड्रेनालिन. बधिर लिग्नोकेन आणि कोकेन दोन्ही करतात, पण रसायनं वेगळी. शिवाय लघवीत बुडवायची टेस्टची पट्टी कोकेनला शोधतच नाही. कोकेन शरीरात मोडल्यावर जे बेंझॉइलेक्गोनिन तयार होतं, त्याला शोधते. लिग्नोकेनपासून ते तयार होत नाही, विषय संपला. भावाला हे कारण एचआरपुढे सांगू देऊ नका. समोर जाणकार माणूस असला तर त्याचं खरं बोलणंही खोटं वाटेल.

पण म्हणून त्याने कोकेन घेतलंच होतं, असं मी म्हणणार नाही. लॅबमध्ये बसून या पट्ट्यांचे जे हाल बघतोय, त्यावरून तर नाहीच.

आधी दिवसांचा हिशेब. कोकेन स्वतः रक्तात टिकत नाही, दर तासा-दीड तासाला निम्मं होत जातं. बेंझॉइलेक्गोनिनला निम्मं व्हायला साधारण सहा तास लागतात. समजा एखाद्याच्या लघवीत ते दर मिलिलिटरला १०,००० नॅनोग्रॅम आहे. सहा-सहा तासांनी ५,०००, २,५००, १,२५०, ६२५, ३१२, १५६, ७८ असं उतरेल. पट्टीचा कट-ऑफ, म्हणजे जिथपासून ती पॉझिटिव्ह दाखवते तो आकडा, ३०० किंवा १५० असतो. म्हणजे ३०० च्या पट्टीवर हा माणूस ३६ तासांनी निगेटिव्ह, १५० च्या पट्टीवर ४२ तासांनी. पट्टी दुप्पट संवेदनशील घेतली तरी फरक सहाच तासांचा. हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात मात्रा, किडनी, पाणी किती प्यायलं, यावर मागंपुढं होतं, म्हणून एकदा घेतलेल्याला २ ते ४ दिवस धरतात. रोज भरपूर घेणाऱ्याच्या अंगात ते साठत जातं आणि हळूहळू निघतं, तिथं दहा-बारा दिवस, कधी त्याहून जास्त.

लाळेत एक-दोन दिवस. रक्तात बेंझॉइलेक्गोनिन दीड-दोन दिवस. केस मात्र लांबचं सांगतो: डोक्याचा केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाकडचे ३ सेंटिमीटर तपासले की मागचे ९० दिवस कळतात. गेल्या आठवड्यातलं मात्र केसात दिसत नाही, तेवढा केस अजून कातडीबाहेरच आलेला नसतो. आणि एखाद्याच वेळी घेतलेलं केसातून निसटूही शकतं.

रक्ताची एक गोष्ट कुणी सांगत नाही. कोकेन मोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एक म्हणजे स्यूडोकोलिनेस्टरेज. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला पेशंट आला की कोलिनेस्टरेजची तपासणी करतात ना, तेच हे. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांनी ते दबतं, तेव्हा अशा माणसाने कोकेन घेतलं तर ते अंगात जास्त वेळ राहतं आणि जास्त घातक ठरतं. हेच एन्झाइम रक्त काढल्यावर ट्यूबमध्येही काम करत राहतं. म्हणून हा नमुना करड्या टोपीच्या, सोडियम फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये घ्यायचा, जी आपण शुगरला वापरतो, आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा. लाल टोपीची ट्यूब मे महिन्यात टू-व्हीलरच्या डिकीत ठेवून शहरभर फिरवली, तर लॅबपर्यंत पोचेस्तोवर आतलं कोकेन बरंचसं मोडून गेलेलं असतं.

आता पट्टी. इथं माझं डोकं फिरतं.

या पट्टीवर रेघ आली की निगेटिव्ह, नाही आली की पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सी किटच्या बरोबर उलट. सी म्हणजे कंट्रोल, टी म्हणजे टेस्ट. टी ची रेघ कितीही फिकट असो, दिसली म्हणजे निगेटिव्ह. सी ची रेघच नाही तर पट्टी बाद, दुसरी लावा. पट्टी १० ते १५ सेकंद उभी बुडवायची, बाणाखालच्या आडव्या खुणेच्या वर लघवी जाऊ द्यायची नाही, सपाट ठेवून ५ मिनिटांनी वाचायची. दहा मिनिटांनंतर वाचलेल्याला अर्थ नाही. पाकीट फोडलं की तासाभरात वापरायचं. डबा २ ते ३० अंशांत ठेवायचा. हे सगळं किटच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद डब्यासोबत कचऱ्यात जातो.

एक पाहिलेला प्रकार सांगतो, गाव-कंपनी कुणाचीच नावं घेत नाही. लेबर कॉन्ट्रॅक्टरचा मेडिकल कॅम्प, वर पत्र्याचं शेड, एप्रिलचा महिना. सकाळीच सगळी पाकिटं फोडून टेबलावर ओळीनं मांडलेली, वर फॅन गरगर. पोरं येतील तशी बाटली देतील. वाचणारा सुपरवायझर, पेन कानामागं. अकराच्या पुढं पट्ट्यांवर टी ची रेघ फिकट यायला लागली, आणि यानं त्या सगळ्या ‘पॉझिटिव्ह’ लिहिल्या. अंबाजोगाईकडचा एक हेल्पर सारखं म्हणत होता, ‘साहेब, म्या तर सुपारीबी खात नाई, काय लिहायलेत तुम्ही?’ नमुना नीट लॅबला गेला तेव्हा एलसी-एमएसवर, म्हणजे रेणू नेमका ओळखणाऱ्या मशीनवर, काहीच सापडलं नाही. तोवर त्याची जागा भरली होती.

पट्टीचं काम असं चालतं: सोन्याचे बारीक कण लावलेल्या अँटिबॉडी टी रेघेवर जाऊन चिकटतात, म्हणून रेघ दिसते. लघवीत बेंझॉइलेक्गोनिन भरपूर असेल तर अँटिबॉडी त्यातच अडकतात, रेघेसाठी उरत नाहीत. उष्णतेनं, दमट हवेनं त्या खराब झाल्या तरी रेघ फिकीच पडणार. बिघडलेली पट्टी माणसाला निर्दोष ठरवत नाही, उलट अडकवते. सी ची रेघ आली म्हणजे सगळं ठीक, ही समजूतही चूक. तिनं मुख्यत्वे पाणी पट्टीभर पळालं एवढंच कळतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘किट ९९ टक्के अचूक आहे.’ बरं, धरू. हजार पोरं तपासली, त्यातली दोनच खरोखर घेणारी. उरलेल्या ९९८ मधली १ टक्का चूक म्हणजे दहा पोरं. पॉझिटिव्ह बारा, त्यात निरपराध दहा. ज्या भागात घेणारे कमी, तिथं नुसत्या पट्टीवर निकाल लावणं म्हणजे निव्वळ अन्याय. अमेरिकेत सरकारी नोकरांच्या चाचणीत २०१० पासून पहिल्या चाचणीचा कट-ऑफ १५० आणि त्यावर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसची पक्की चाचणी १०० ला. पक्की झाल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणतच नाहीत. आपल्याकडे पेन कानामागं असलेला माणूस म्हणतो.

कोकेन आपल्याकडं येतच नाही, असंही समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये डीआरआयच्या (केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाच्या) कारवाईत संभाजीनगरातच कोकेन सापडलं होतं, सोबत मेफेड्रोन आणि केटामाइन. पण गल्लीत चालतात त्या नशेच्या बटन गोळ्या, कोडीनचं सिरप आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. नेहमीची सहा खान्यांची (सहा प्रकारची नशा तपासणारी) पट्टी मेफेड्रोन भरवशानं पकडत नाही. म्हणजे एमडी घेणारा सुटतो आणि फिकट रेघवाला घरी जातो.

भावासाठी करायचं ते असं. कंपनीला लेखी विचारा: किटचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, कट-ऑफ ३०० की १५०, किती मिनिटांनी वाचलं, पट्टीचा फोटो आहे का. आणि मुख्य म्हणजे उरलेली लघवी ठेवली आहे का. ठेवली असेल तर तोच नमुना जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसला पाठवायला सांगा. आठवड्यानं नवी लघवी देऊन निगेटिव्ह आणली तर त्यानं काही सिद्ध होत नाही, वरचा हिशेब बघा. जुना नमुना फेकून दिला असेल तर केसांची तपासणी; टाळूच्या मागच्या भागातून पेन्सिलीएवढी जुडी, मुळापासून कापलेली. सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जाऊ नका, सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट पोलीस किंवा दवाखान्यामार्फतच होतो, तुमचा खासगी नमुना घेणार नाहीत.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. पट्ट्यांमध्ये कोकेनची पट्टी त्यातल्या त्यात सरळ आहे. अफूवर्गाच्या पट्टीला खसखस, कोडीनचं खोकल्याचं औषध फसवतं. अमेरिकेत खसखशीपायीच १९९८ मध्ये तिचा कट-ऑफ ३०० चा २,००० केला. कोकेनच्या पट्टीला फसवणारं म्हणजे कोकाच्या पानांचा चहा, आणि लातूरच्या गंजगोलाईत सगळं मिळालं तरी तो मिळत नाही. तेव्हा भावाची पट्टी चांगली होती, वेळेत वाचली, टी ची रेघ खरोखरच नव्हती आणि पक्की चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर एकांतात बसवून विचारा. आरडाओरडा न करता.

त्यानं हो म्हटलं तर एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याचं कलम २७ माहीत असू द्या: कोकेन सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते, त्यासाठी वकिलाशी बोला. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, पैसे लागत नाहीत. दारूसोबत घेतलं असेल तर लिव्हरमध्ये कोकाएथिलीन बनतं, ते जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त त्रास देतं. छातीत दुखलं, धडधड वाढली तर टेस्ट-बिस्ट राहू द्या, १०८ लावा, आणि कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला कोकेन घेतल्याचं स्पष्ट सांगा. छातीत दुखण्याला एरवी देतात त्या औषधांपैकी बीटा-ब्लॉकर अशा वेळी शक्यतो टाळतात.