अमेरिकेत एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग असताना यूएफएलसारख्या नव्या फुटबॉल लीग टिकतील का? लोक त्यात पैसे का घालतात?

टिकू शकतात. आजवरच्या बहुतेक बुडाल्या हे खरं, पण प्रेक्षक नव्हते म्हणून बुडाल्या हे खोटं. हे मी आमच्या दाजींना कित्येक वर्षं सांगतोय. ते डॅलसजवळ प्लेनोला राहतात, डॅलसच्या एनएफएल टीमचे, म्हणजे काउबॉइजचे, कट्टर चाहते आहेत आणि त्यांचं पालुपद ठरलेलं: "एनएफएलने न घेतलेल्या पोरांचा खेळ बघायला कोण येणार?" तुम्ही प्रश्नाच्या खाली जवळजवळ हेच लिहिलंय, की दुय्यम दर्जाचा खेळ लोक पैसे देऊन बघतील का. म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी सॅन अँटोनिओत राहतो. लोकसंख्येने अमेरिकेतल्या पहिल्या दहा शहरांत आमचा नंबर लागतो, पण बास्केटबॉलची स्पर्स सोडली तर मोठ्या लीगची एकही टीम इथे नाही. मात्र बंद पडलेल्या फुटबॉल लीगची यादी काढा, आमचं शहर पुन्हापुन्हा सापडेल. १९७५ साली डब्ल्यूएफएलची विंग्ज. १९८४-८५ मध्ये जुन्या यूएसएफएलची गनस्लिंगर्स, जिच्या खेळाडूंचे पगाराचे चेक वटत नव्हते. १९९१-९२ मध्ये वर्ल्ड लीगची रायडर्स. १९९५ मध्ये कॅनडाच्या लीगने अमेरिकेत हातपाय पसरले तेव्हाची टेक्सन्स. २०१९ ची कमांडर्स. आणि २०२३ ते २०२५ ब्रह्माज. त्या नावाचा तो दांडगा बैल टेक्सासच्या कुरणात दिसतो खरा, पण त्याचं मूळ आपल्याकडच्या गीर, कांकरेज आणि ओंगोल जातींत आहे. असो. सांगायचं एवढंच की या विषयावर आमच्या शहराइतका अनुभव फार थोड्या शहरांना असेल.

या खेळाची गोडी मला मुलीमुळे लागली. ती हायस्कूलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, आणि टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र शाळेच्या फुटबॉलची असते. बँड मध्यंतरात वाजवतो, पण आईबाप आधीपासून शेवटपर्यंत बसतात. बसता बसता मला खेळ कळायला लागला आणि मग सुटेना. २०१९ च्या जानेवारीत कळलं की अलायन्स नावाची नवी लीग येतेय, त्यात आमची कमांडर्स आहे आणि सामने अलामोडोममध्ये होणार आहेत. मी घरच्या सगळ्यांची सीझन तिकिटं काढली. माझे वडील सांगलीहून तेव्हा आमच्याकडे आले होते, त्यांचंही काढलं. दाजी फोनवर हसले होते.

९ फेब्रुवारी, शनिवार. जवळपास २८,००० लोक आले होते. ज्या टीमचं नाव महिन्याभरापूर्वी धड कुणाला माहीत नव्हतं, तिच्यासाठी. आमच्या रांगेत हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नातवाला घेऊन आले होते, आणि मागे एक मेक्सिकन कुटुंब चक्क ढोल घेऊन. सॅन डिएगोची फ्लीट समोर होती. वडील उमेदीच्या वयात कबड्डी खेळलेले. सुरुवातीला ते हाताची घडी घालून शांत बसले होते. चार प्रयत्नांत दहा यार्ड हा हिशेब मुलीने त्यांना नाचोच्या ट्रेवर बोट फिरवून समजावला. आणि मग आमच्या शान वॉशिंग्टनने फ्लीटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) बर्कोविचीला असं काही उचलून आपटलं की त्याचं हेल्मेट उडून पडलं. पंचांनी फाउलचा फ्लॅग टाकला नाही. वडील ताडकन उभे राहिले, "ही पकड बघितलीस का!" म्हणून माझा खांदा धरून हलवायला लागले. तो क्षण त्या रात्री देशभर फिरला. आम्ही १५-६ ने जिंकलो. त्याच वेळी एबीसी वाहिनीवर बास्केटबॉलचा एनबीए सामना चालू होता, आणि सीबीएस वाहिनीवर लीगच्या त्या पहिल्या रात्रीला त्याहून जास्त लोकांनी पसंती दिली. दुय्यम दर्जाचा खेळ कोण बघणार, याचं उत्तर तिथेच मिळालं होतं.

पुढच्या सामन्यांनाही गर्दी टिकली. संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक प्रेक्षक आमच्याकडे होते. ढोलवाल्या कुटुंबाशी ओळख झाली, त्यांच्या आजीने वडिलांना तमाले खायला घातले. वडील सांगलीला फोन करून चुलत्यांना स्कोर सांगायचे, समोरच्याला ओ की ठो कळत नसताना. ३१ मार्चच्या रविवारी ॲरिझोना हॉटशॉट्स आली. तिचे कोच होते रिक न्यूहायझल, आमच्या जुन्या गनस्लिंगर्सचे क्वार्टरबॅक. पन्नाशी उलटलेल्या लोकांनी त्यांना ओळखून हाका मारल्या. आम्ही हरलो, पण प्लेऑफचं बोलत बोलतच घरी आलो.

दोन दिवसांनी, २ एप्रिलला, लीगने कामकाज थांबवलं. सीझनचे दोन आठवडे बाकी असताना. खेळाडूंना परतीचं तिकीट स्वतः काढायला लागल्याच्या बातम्या आल्या. दोन आठवड्यांत लीग दिवाळखोरीत गेली. वडिलांना काय सांगावं कळेना. ते दोन-तीनदा विचारत राहिले, "अरे, पण माणसं तर येत होती ना?" त्याच संध्याकाळी दाजींचा फोन. "सांगितलं होतं की नाही?" मी फोन मुलीकडे दिला.

वडिलांनी जे विचारलं तोच खरा मुद्दा आहे. माणसं येत होती. बंद पडली ती वरून. लीगकडे पहिला सीझन पुरा करण्याइतकाही पैसा पक्का नव्हता. सुरुवातीच्याच आठवड्यात चणचण भासली, तेव्हा उद्योगपती टॉम डंडन यांनी २५ कोटी डॉलर देण्याची तयारी दाखवली, आणि काही आठवड्यांतच ते म्हणायला लागले की एनएफएलच्या राखीव फळीतले तरुण खेळाडू मिळाले नाहीत तर यात अर्थ नाही. एनएफएलच्या खेळाडूंची संघटना तयार झाली नाही, आणि विषय संपला. पहिल्याच वर्षी एनएफएलच्या पंखाखाली जायचं हाच बेत असेल तर आमच्यासारख्या २८,००० लोकांची किंमत शून्य.

१९८० च्या दशकातली यूएसएफएल तर याहून वाईट मेली. १९८३ मध्ये १२ टीमांनी वसंत ऋतूत सुरुवात केली, एबीसीचा करार होता, हर्शेल वॉकर, स्टीव्ह यंग, जिम केली, रेजी व्हाइट असे पुढे एनएफएलमध्ये गाजलेले खेळाडू तिने ओढले. (दाजी, यातले दुय्यम दर्जाचे कोण, ते सांगा.) दुसऱ्याच वर्षी १८ टीम केल्या, कारण नव्या मालकांकडून प्रवेश फी मिळत होती. मग न्यू जर्सीच्या टीमचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांच्या आग्रहाने ठरलं की १९८६ पासून एनएफएलच्याच मोसमात, म्हणजे शरद ऋतूत, उतरायचं. टँपा बेचे मालक जॉन बॅसेट जीव तोडून विरोध करत होते. शेवटी एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला. जुलै १९८६ मध्ये ज्युरीने एनएफएलला दोषी ठरवलं आणि भरपाई दिली १ डॉलर. कायद्याने ती तिप्पट होते, म्हणून ३. त्या मोसमात एकही सामना झाला नाही.

शरद ऋतूत जागा का नाही, हे पैसे घालणाऱ्याने आधी वाचलं पाहिजे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने एनएफएलला सगळ्या टीमचे टीव्ही हक्क एकत्र विकायची मुभा दिली आणि बदल्यात शुक्रवार-शनिवार शाळा-कॉलेजच्या सामन्यांसाठी राखून ठेवले. म्हणजे शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा, रविवार एनएफएलचा. एनएफएलचे २०२१ मध्ये झालेले टीव्ही करार ११ सीझनचे आणि १०० अब्ज डॉलरच्या वरचे आहेत. त्यांच्याशी समोरासमोर लढणं हा वेडेपणा आहे. मोकळं आहे ते फक्त मार्च ते जून.

"मग एएफएल कशी जिंकली?" हा दाजींचा पुढचा प्रश्न असतो, तुमचाही असेल. एएफएल ही लामार हंट यांनी १९६० मध्ये एनएफएलसमोर उभी केलेली लीग, आणि तेव्हाची गोष्ट वेगळी होती. एनएफएलकडे तेव्हा थोड्याच टीम होत्या आणि मोठमोठी शहरं रिकामी होती. पण त्याहून महत्त्वाचं, लामार हंट आणि त्यांचे सोबती तोटा सोसून थांबले, आणि टीव्हीचे पैसे त्यांनी पहिल्या वर्षापासून सगळ्या टीमना सारखे वाटले. हंट यांची डॅलस टेक्सन्स आणि एनएफएलची काउबॉइज एकाच वर्षी, एकाच कॉटन बोल मैदानात खेळायला लागल्या. टेक्सन्सनी १९६२ चं अजिंक्यपद मिळवलं, तरी हंट यांनी टीम उचलून कॅन्सस सिटीला नेली. तीच आजची चीफ्स. १९७० मध्ये एएफएलच्या दहाही टीम एनएफएलमध्ये गेल्या. दाजी ज्या काउबॉइजसाठी रविवारी जेवण सोडतात, ती तेव्हा हंट यांच्या टीमसारखीच नवी होती.

आता यूएफएलबद्दल. ती २०२४ मध्ये एक्सएफएल आणि नवी यूएसएफएल एकत्र करून झाली. फॉक्स आणि ईएसपीएन हे टीव्हीवालेच मालकीत आहेत, म्हणून मध्येच वीज कापल्यासारखी ती बंद पडणार नाही असं मला वाटतं. पैसे का घालतात, याचंही उत्तर यातच आलं: एप्रिल-मेमध्ये टीव्हीला थेट खेळ हवा असतो, सट्ट्याच्या कंपन्यांना सामने हवे असतात, आणि लीग बुडाली की तिची नावं कवडीमोलाने मिळतात. २०२० मध्ये कोव्हिडने एक्सएफएल पाच आठवड्यांनंतर थांबली, तेव्हा अभिनेता ड्वेन जॉन्सन, त्याची भागीदार डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड या गुंतवणूक कंपनीने ती अख्खी लीग दीड कोटी डॉलरमध्ये घेतली. टीव्ही कार्यक्रम म्हणून ती चालेल. शहराची टीम म्हणून चालेल का, ते मालकांच्या वागण्यावर आहे, आणि इथेच मला राग येतो.

सेंट लुईस बघा. २०१६ मध्ये एनएफएलची रॅम्स लॉस एंजेलिसला निघून गेली, शहराने कोर्टात जाऊन ७९ कोटी डॉलरची तडजोड मिळवली, आणि तेच लोक यूएफएलच्या बॅटलहॉक्सच्या २०२४ च्या पहिल्या घरच्या सामन्याला ४०,००० च्या वर आले. टीम तिथे टिकली म्हणून लोक येत राहिले. आमची ब्रह्माज त्याच वर्षी फायनलला पोचली. २०२५ मध्ये दहापैकी एकच सामना जिंकला, प्रेक्षक घटले, आणि लगेच टीम काढून घेतली. मेंफिस आणि मिशिगनच्या टीमही काढून घेतल्या. त्यांच्या जागी २०२६ साठी कोलंबस, लुईव्हिल आणि ऑर्लँडो, म्हणजे सॉकरची छोटी मैदानं. ६०,००० खुर्च्यांच्या अलामोडोमपेक्षा छोटं मैदान भरलेलं दिसतं, हा त्यांचा हिशेब मला कळतो. पण एका वाईट सीझननंतर टीम हलवायची आणि मग "निष्ठावान प्रेक्षक नाहीत" म्हणायचं, हे मला मान्य नाही. निष्ठा लागायला लोकांना दहा वर्षं द्या. दर दोन-तीन वर्षांनी नवं नाव, नवी जर्सी, नवा रंग घेऊन आलात तर पोरं मोठी होतात आणि टीमच उरत नाही. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्या कपाटात दोन टीमच्या जर्सी आहेत आणि दोन्ही टीम अस्तित्वात नाहीत.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. क्वार्टरबॅक कमी पडतात, ते टीव्हीवर लगेच दिसतं. खेळाडूला आठवड्याला साधारण ५,५०० डॉलर मिळायचे (२०२४ चा आकडा), एनएफएलमध्ये नवख्याचा किमान वार्षिक पगार ७,९५,००० होता, त्यामुळे चांगला खेळाडू थांबत नाही, आणि थांबूही नये. शिवाय मी सॅन अँटोनिओतून बघतोय. ज्या शहरात एनएफएलची टीम आहे तिथे माझं म्हणणं कितपत लागू पडेल, ते तिथल्यांनी सांगावं. आणि आपल्या मुलुखाचाही एक अनुभव आहे: २०११ मध्ये एनएफएल गाजवलेल्या माइक डिट्का, कर्ट वॉर्नर यांच्या पाठिंब्याने भारतात एलिट फुटबॉल लीग जाहीर झाली, त्यात पुणे मराठाज होती. ती रुजली नाही, कारण तिथे शुक्रवारचं शाळेचं फुटबॉलच नव्हतं. प्रेक्षक आधी खालून तयार व्हावा लागतो. टेक्सासमध्ये तो तयार आहे.

तुम्ही खरंच पैसे घालायच्या विचारात असाल तर एकच विचारा: चार सीझन तोटा सोसायची तयारी लिहून दिली आहे का? नसेल तर लांब राहा. नुसता खेळ बघायचा असेल तर दर्जाची काळजी सोडा. काउबॉइजचा किकर (पायाने चेंडू मारून गुण मिळवणारा) ब्रँडन ऑब्रे नव्या यूएसएफएलच्या बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून आला. त्याने २०२४ मध्ये ६५ यार्डांवरून गोल मारला तेव्हा दाजींनी मला व्हिडिओ पाठवला होता. काउबॉइजमधला त्यांचा लाडका टर्पिन त्याच लीगच्या न्यू जर्सी जनरल्सकडून आला, तिथे तो २०२२ चा सर्वोत्तम खेळाडू होता. हे मी त्यांना गणपतीच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं. ते म्हणाले, "ते अपवाद." दाजी, एनएफएलने २०२४ मध्ये किकऑफचा नियमही एक्सएफएलवरूनच बेतला. तोही अपवादच का?